गावाबाहेरचं स्टेशन

पंचवटी एक्सप्रेसच्या वाटेवर पंचवटी कुठेच लागत नाही. गाडी थांबते नाशिकरोडला आणि पंचवटीतलं रामकुंड तिथून नऊ-दहा किलोमीटर. नवख्या पाहुण्याला हे स्टेशनाबाहेर आल्यावर कळतं. तो बिचारा गोदावरी शोधत असतो आणि कानावर रिक्षावाल्यांची हाक येते, "सीबीएस, सीबीएस, शालिमार, एक सीट!" स्टेशन आणि गाव एकाच ठिकाणी असतात, यावर आम्हा नाशिककरांचा मुळात विश्वासच नाही. हा संस्कार फ्रान्समध्ये कामी येईल, असं मात्र वाटलं नव्हतं.

पॅरिसला शिकणारी भाची मला तूर दाखवायला घेऊन निघाली. लुआर नदीकाठचं हे जुनं गाव. बाल्झाक इथलाच, 1799चा जन्म. मोंपार्नास स्टेशनात गाडी सुटायच्या वीसेक मिनिटं आधी फलाटाचा आकडा झळकतो. तोवर सगळी जनता माना वर करून उभी. आकडा उमटला की धावपळ. युरोपच्या शिस्तीविषयी आयुष्यभर ऐकलेलं बरंचसं त्या अर्ध्या मिनिटात गळून पडलं आणि मला अगदी घरच्यासारखं वाटलं.

पुढचा प्रवास मात्र अळणी. ताशी तीनशेच्या वेगाने गव्हाची सपाट शेतं मागे पडतात आणि सव्वादोनशेहून जास्त किलोमीटर तासा-सव्वातासात संपतात. नाशिकरोड-मुंबई अंतर याहून कमी, तरी आम्हाला साडेतीन-चार तास लागतात, आणि ते लागलेच पाहिजेत. मध्ये कसारा घाट आहे. 37 फुटांना एक फूट असा चढ, गाड्यांना जोडायची बँकर इंजिनं, बोगदे, खाली दरी, वर इगतपुरीचा गारवा. 1865पासून गाड्या हा घाट चढताहेत आणि अजूनही त्या चढतात तेव्हा माणसं बोलणं थांबवून खिडकीकडे बघतात. तुरच्या वाटेवर कोणी खिडकीकडे बघत नव्हतं. वडेवालाही नव्हता.

गाडी थांबली. बाहेर रूळच रूळ, साधीसुधी इमारत. नदी नाही, कळस नाही. भाची घाईघाईने म्हणाली, "मामा, गाव अजून आलं नाहीये हं. हे सँ-पिएर-दे-कोर. इथून दुसरी छोटी गाडी."

"म्हणजे नाशिकरोड," मी म्हणालो आणि बॅग उचलली.

कारण साधं आहे. तुरचं स्टेशन म्हणजे रुळांचा शेवट. बोर्दोकडे जाणारी गाडी आत शिरली तर तिला उलट्या पावली बाहेर यावं लागणार. म्हणून बऱ्याच वेगवान गाड्या वेशीवरच माणसं उतरवतात आणि तिथून शटल पाचेक मिनिटांत गावात नेते. ऑर्लेआँचीही हीच तऱ्हा. तिथे वेशीवरच्या स्टेशनाचं नाव लेझ-ओब्रे.

पाच मिनिटं! आमच्याकडे हे अंतर तोडायला 1889च्या सुमारास ट्राम होती. चार घोडे, दोन डबे, नाशिकरोड ते मेनरोडवरची जुनी नगरपालिका. 1930च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली. तुरला 2013 साली नवी कोरी ट्राम आली, ती स्टेशनाजवळून निघून थेट पुलावरून लुआर ओलांडते. आमच्या टायरवाल्या मेट्रो निओचं नाव 2021च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आलं होतं. नाव चांगलं आहे. मेट्रो येईपर्यंत ज्यांना गावात जायचा फारच कंटाळा, त्यांच्यासाठी नाशिकरोडलाच मुक्तिधाम आहे: बाराही ज्योतिर्लिंगांच्या प्रतिकृती एका छपराखाली. इतकी सोय तुरने केलेली नाही.

पण तुरने दुसरंच काही केलंय. तिथलं गावातलं स्टेशन बांधलं व्हिक्तोर लालू या तुरच्याच वास्तुकाराने, 1898मध्ये ते पुरं झालं. पॅरिसचं ओर्से स्टेशन, जे आता संग्रहालय आहे, तेही त्याचंच. आणि संत मार्तँचं नवं देऊळही त्याचंच! हा मार्तँ म्हणजे कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला झगा अर्धा कापून देणारा शिपाई, पुढे तुरचा बिशप. मध्ययुगात त्याच्या समाधीला यात्रेकरूंची रीघ लागे. राज्यक्रांतीनंतर ते भलंमोठं जुनं देऊळ पडलं आणि त्याच्या गाभ्यातून चक्क रस्ता गेला. दोन मनोरे तेवढे उरले, रस्त्याच्या दोन बाजूंना, एकमेकांशी बोलणं टाकल्यासारखे. यात्रेकरूला उतरवून घेण्याची आणि देवापुढे नेऊन उभं करण्याची, दोन्ही कामं एकाच माणसाकडे सोपवणारं गाव मला समजूतदार वाटलं. आमच्याकडे ही दोन खाती वेगळी आहेत आणि मधला रस्ता तिसऱ्याच खात्याकडे.

संध्याकाळी शेजारच्या वुव्रेला गेलो. पांढऱ्या चुनखडीत खोदलेली तळघरं आणि त्यांत शेनिन ब्लाँ द्राक्षाची वाइन. हीच जात आमच्या गंगापूर-दिंडोरीकडेही लावली आहे. तिथल्या सुला वाइनरीची पहिली वाइन 2000 सालची. वुव्रेची वाइन चांगली होती, हे मान्य करायला मला दुसरा पेला लागला.

वाइन ओतणाऱ्या बाईंनी विचारलं, कुठून आलात? नाशिक म्हटल्यावर चेहरा कोराच राहिला. मग परदेशात प्रत्येक नाशिककर जे म्हणतो तेच मी म्हणालो, "मुंबईजवळ."

बाई हसल्या. भाचीने भाषांतर केलं, "त्या म्हणतात, आम्हीपण बाहेर गेलो की 'पॅरिसजवळ' असंच सांगतो."