तार जाळणारा मामा

भाच्याने एडिंबरोहून आणलेला किल्ट, म्हणजे तिकडच्या पुरुषांचा चौकड्यांचा घागरा, माझ्यापुढे टाकला आणि म्हणाला, "मामा, कापडातलं तुम्हालेच कळते. पाहा बरं, फसलो तं नाही ना?"

हे वाक्य कुणीतरी म्हणावं म्हणून मी तीस वर्षं थांबलो होतो. सौसरजवळ बोरगावला १९९१ पासून रेमंडचा लोकरी सुटिंगचा कारखाना आहे. त्याचा माझा संबंध एवढाच, की बसने जाताना मी त्याच्याकडे आपुलकीने बघतो. पण पांढुर्ण्यात कापडावर अधिकाराने बोलायला तेवढं पुरतं.

चष्मा पुसला. पोत अंगठ्याखाली घेतला. एक कोपरा मुठीत चुरगाळून सोडला. चुणी राहिली नाही. पदराच्या दोन्ही अंगांना चौकड्यांच्या रेघा एकमेकींना भिडतात का, ते पाहिलं. या किल्टच्या निऱ्या मागे असतात, आणि शिवणाऱ्याची खरी परीक्षा तिथंच. घडीआड कापड गडप होऊनही मागून चौकडी अखंड दिसली पाहिजे. ती दिसत होती. निऱ्या मोजल्या, एकदा एकोणतीस भरल्या, एकदा सत्तावीस. मी "हं" म्हणालो.

"आठ वार कापड लागते, मामा."

"म्हणजे नऊवारीपेक्षा एकच वार कमी," स्वयंपाकघरातून आवाज आला. "आणि गुडघे तरी उघडेच?"

मी तिकडे दुर्लक्ष करून काडेपेटी मागितली. कारण तार जाळणं ही माझी खरी विद्या, आणि तिच्यावर मी थोडं बोलणार आहे. सुती तार भुरकन जळते, कागद जळाल्याचा वास येतो, राख मऊ. रेशीम आणि लोकर नाखुशीने जळतात, वास जळक्या केसांचा, ज्योत काढली की विझतात, राख चिमटीत चुरते. पॉलिएस्टर मात्र वितळतं आणि त्याचा टणक मणी होतो. बाबा सौसरच्या बाजारात धोतरजोडी घेताना दुकानदारासमोरच तार जाळायचे. मी तो वारसा जरा जास्तच पुढे नेला. आहेरातल्या साड्या, पाहुण्यांच्या शाली, रेल्वेतलं ब्लँकेट, काही सोडलं नाही. एका व्याह्यांच्या 'प्युअर सिल्क' फेट्याची तार भर मांडवात जाळली. मणी झाला. त्यांचं आमचं जाणं-येणं अजून बेताचंच आहे.

तर किल्टच्या आतल्या बाजूची तार काढली, वाकून पेटवली. घरभर जळक्या केसांचा वास सुटला. "लोकर! शंभर टक्के!" मी जाहीर केलं.

"मामा," भाचा म्हणाला, "थोडी मिशी बी आहे त्यात."

मिशीची डावी बाजू आखूड झाली, पण निकाल बदलला नाही.

मग तो सांगत बसला. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातल्या या पोशाखावर इंग्रजांच्या राज्यात १७४६ ला कायद्याने बंदी आली, ती १७८२ ला उठली. आता त्याच चौकड्यांची सरकारी नोंदवही आहे आणि पोरं लग्नात मिरवतात. आपल्याकडे धोतरावर कुणी बंदी घातली नाही. उलट हातमागासाठी राखून ठेवलेल्या ११ वस्तूंत त्याचं नाव आहे. बंदी असती तर कदाचित मीही नेसलो असतो.

"मामा, लग्नात मी एक दिवस किल्ट घालीन, एक दिवस धोतर. नेसवून द्याल ना?"

इथे माझी जीभ अडकली. मला धोतर नेसता येत नाही.

बाबा आरशाशिवाय नेसायचे. कुणाशी तरी बोलत असायचे, आणि बोलणं संपेपर्यंत निऱ्या खोचून, काष्टा मारून मोकळे. १९५६ ला आमच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. बाबा हिंदीत अर्ज लिहायला शिकले, प्रत्येक नव्या साहेबापुढे उभे राहिले, पण त्याच नागपुरी काठाच्या धोतरात. मला दोनदा म्हणाले, "शिकून घे." मी तेव्हा बेलबॉटम घालायचो. तिसऱ्यांदा ते म्हणाले नाहीत. त्यांच्या शेवटच्या जोडीतलं एक पान फाडून याच भाच्याची दुपटी केली. दुसरं ट्रंकेत आहे. त्याची तार मी कधी काढली नाही.

दुसऱ्या दिवशी भाच्याला घेऊन सौसरला गेलो. दुकानदाराने सुती जोडी माळ्यावरून काढली, धूळ झटकली, आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून पुन्हा वर ठेवली. "काकाजी, नेसता कोनाले येते आता? हे घ्या शिवेल. इलास्टिक बी आहे, वेलक्रो बी. निऱ्या पक्क्या. मोबाइलले खिसा."

भाचा खिशावर फिदा. किल्टला खिसा नसतो, पोटावर चामड्याची पिशवी लटकवावी लागते. मी दोन घेतली, एक त्याला, एक मला.

घरी येऊन सवयीने तार जाळली. मणी झाला.

लग्न पांढुर्ण्यालाच आहे, वैशाखात. किल्ट अस्सल लोकरीचा असल्याची हमी मी देतो, तो त्या उन्हात कसा निभेल हे नवरदेवाने बघावं. पण पंचक्रोशीत धोतर नेसवणारं कुणी उरलं असेल तर कृपा करून निरोप पाठवा. ट्रंकेतलं एक पान आमच्याकडे आहे.