बेसवादकाने कोरस पेडल कसे निवडावे व कसे आवरावे

ज्या वाद्याचे अस्तित्व श्रोत्यांच्या ध्यानी येते ते केवळ त्याची वायर निसटून मांडवात एकाएकी पोकळी निर्माण झाली म्हणजे, त्या वाद्याच्या वादकाने वर्षानुवर्षे ड्रमरच्या शेजारी निमूटपणे उभे राहिल्यानंतर एके दिवशी आपलाही आवाज लोकांनी निराळा म्हणून ओळखावा अशी अपेक्षा धरली, तर तीत अस्वाभाविक असे काही नाही. आणि ही अपेक्षा एकदा मूळ धरू लागली की बेसवादक कोरस पेडलची चौकशी करू लागतो, हाही सर्वत्र आढळणारा क्रम आहे. अशा इच्छुकांच्या सोयीसाठी पुढील सूचना केल्या आहेत. गिटारवादकांनी त्या वाचण्याची तसदी घेऊ नये. त्यांचे कोणत्याही पेडलने भलेच होते.

प्रथम या पेटीचा व्यवहार समजून घ्यावा. तिच्यात शिरणाऱ्या स्वराची एक नक्कल तयार होते, ती अस्सल स्वरामागे काही मिलिसेकंद रखडत ठेवली जाते, त्या रखडण्याची मुदत सावकाश कमीजास्त केली जाते, आणि मग अस्सल व नक्कल एकत्र करून बाहेर सोडली जातात. मुदत कमी होत असता नक्कल किंचित चढी आणि वाढत असता किंचित उतरी लागते, त्यामुळे वाजवणारा एकटा असूनही दोघेतिघे वाजवीत असल्याचा भास होतो. शाहिराच्या मागे उभे राहून झील धरणारे जे काम करतात तेच येथे विजेकडून करून घेतलेले असते. मात्र झीलकरी वरच्या पट्टीत गातात, खर्जात गात नाहीत, ही गोष्ट इच्छुकाने विसरू नये, कारण तिच्याशी लवकरच गाठ पडणार आहे.

नक्कल रखडवण्याची मूळ युक्ती फिलिप्सच्या प्रयोगशाळेतील सँगस्टर व टेअर या दोघांनी १९६९ साली जाहीर केली. तिला बकेट ब्रिगेड असे नाव असून तीत विद्युत्भार एका संधारित्रातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा पुढे सरकवला जातो. पेडलांत नेहमी आढळणाऱ्या चिपमध्ये असे १०२४ टप्पे असतात. रोलँडने १९७५ साली आपल्या जॅझ कोरस नामक अँप्लिफायरमध्ये जो कोरस बसवला, तोच पुढल्या वर्षी बॉस या नावाखाली सीई-१ या स्वतंत्र पेटीत घालून विकावयास काढला. ती पेटी भिंतीतल्या विजेवर चालणारी व चांगली ऐसपैस होती. पायाच्या पंजाएवढे सीई-२ यायला १९७९ उजाडले, आणि केवळ बेससाठी म्हणून सीई-२बी निघाले ते १९८७ च्या सुमारास. बेसवादकाची दखल घेण्यास जगाने लावलेला हा विलंब मिलिसेकंदांत मोजता येण्यासारखा नाही.

आता मुख्य अडचणीकडे वळू. बेस गिटारीची सर्वांत जाड तार, म्हणजे ई, सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते. एका कंपनाला सुमारे २४ मिलिसेकंद लागतात. नक्कल जर बरोबर १२ मिलिसेकंद मागे राहिली, आणि कोरसमध्ये एवढा विलंब अगदी नित्याचा, तर अस्सल लहर वर चढत असता नकली लहर खाली उतरत असते, आणि दोघी समबल असल्या की परस्परांचा हिशेब चुकता होऊन मूळ कंपन शिल्लकच उरत नाही. बरे, ते कायमचे गेले असते तर निदान त्याच्यावाचून चालवून घेण्याची सवय तरी झाली असती. पण विलंबाची मुदत हलती असल्यामुळे ते क्षणभराने परत येते, पुन्हा नाहीसे होते, पुन्हा येते, आणि ज्याच्या भरवशावर गायकाने सूर लावला व ड्रमरने किकवर पाय ठेवला तो आधारच पायाखालून येरझारा घालू लागतो. वादकाला मात्र स्टेजवर, अँप्लिफायरच्या तोंडाशी उभे राहून, वरची रुपेरी झिलई तेवढी ऐकू येत असते व तो प्रसन्न असतो.

सबब खरेदीचा पहिला व जवळजवळ एकमेव निकष असा, की पेडलने खालच्या स्वरांना हात लावता कामा नये. बॉसच्या सीईबी-३ वर यासाठी लो फिल्टर नावाचे बटण दिले आहे; एमएक्सआरच्या बेस कोरस डिलक्सवर एक्स-ओव्हर असा खटका असून तो दाबला असता साधारण १०० हर्ट्झखालचा मुलूख कोरसच्या अंमलातून वगळला जातो. हा आकडा लहरीने ठरवलेला दिसत नाही. मोकळ्या चार तारांची कंपने पाहिली तर ई ४१, ए ५५, डी ७३ आणि जी ९८ अशी येतात. अर्थात चारी तारांचे मूळ स्वर कुंपणाच्या आत सुरक्षित राहतात आणि कोरसच्या वाट्याला मोकळ्या तारांचे वरचे उपस्वर तेवढे येतात. पेटीवर बेस हा शब्द छापलेला आहे एवढ्यावर विसंबून किंमत मोजू नये. असला खटका किंवा बटण आहे की नाही, आणि नसल्यास नकलेचे प्रमाण निम्म्याच्या बरेच खाली आणता येते की नाही, हे स्वतः पाहावे.

दुकानात पाऊल टाकताच विक्रेता बहुधा भिंतीवरचा एखादा झगझगीत बेस स्वतःच उतरवून घेतो आणि बाराव्या फ्रेटच्या वर, जी व डी तारांवर, असे काही लडिवाळ तुकडे वाजवतो की दुकानात तंतू जोडून घ्यायला आलेला व्हायोलिनवादकही मान वळवतो. त्याला मध्येच थांबवणे असभ्यपणाचे होईल. तो थकेपर्यंत वाट पाहावी, मग स्वतःचे वाद्य जोडून ई तारेवर एकच स्वर धरावा व तो संपूर्ण विझेपर्यंत ऐकावा, आणि हेच पेडल बंद ठेवून पुन्हा करावे. विक्रेत्याच्या चेहऱ्यावर कंटाळा दिसू लागला म्हणजे तपासणी योग्य मार्गाने चालली आहे असे समजावे.

पेडल घरी आले की रेट व डेप्थ ही दोन बटणे एकाच वेळी उजवीकडे फिरवण्याची अनिवार इच्छा होते. तिला आळा घालण्यापुरते गणित पुरे आहे: विलंब मध्यापासून दोन्ही बाजूंना दोन मिलिसेकंद हलत असेल आणि सेकंदाला एकच हेलकावा असेल, तर नकलेचा सूर फार तर सव्वा टक्क्याने, म्हणजे अर्धस्वराच्या सुमारे पंचमांशाने, इकडेतिकडे होतो, तोच हेलकावा सेकंदाला तीन केला की ढळ अर्धस्वराच्या निम्म्याहून पुढे जातो आणि बेस बेसूर आहे की बेसवादक, असा प्रश्न मंडळींत निघतो. म्हणून एक बटण वाढवताना दुसरे उतरवावे, आणि संशय आल्यास दोन्ही उतरवावीत.

क्रमाविषयी फार बोलण्यासारखे नाही: ट्यूनर सर्वांच्या आधी, नंतर कॉम्प्रेसर, ओव्हरड्राइव्ह, मग कोरस, आणि डिले असल्यास त्याच्याही पुढे. ट्यूनर चुकून कोरसच्या पुढे लावला तर काटा डुलत राहतो व वादक तारा पिळत राहतो. वीज नऊ व्होल्टची, मध्य ऋण असलेली, हे पेटीच्या पाठीवर पाहून घ्यावे.

दोन तोंडांच्या, म्हणजे स्टिरिओ, पेडलविषयी मात्र सावधगिरीची सूचना देणे अवश्य आहे. काही पेडलांत एका तोंडातून निव्वळ अस्सल व दुसऱ्यातून निव्वळ नक्कल बाहेर पडते आणि दोहोंचे मीलन हवेत व्हावे अशी रचनाकाराची अपेक्षा असते. आपल्याकडे साउंडवाला बेससाठी एकच वायर देतो, तीही हातात मावेल त्या तोंडात खुपसतो. नशिबी पहिले तोंड आले तर पेडल नसल्यासारखेच, आणि दुसरे आले तर सबंध गाणे लडखडत्या सुरात. यावर तोड एवढीच, की स्टिरिओ पेडल घेऊ नये, किंवा साउंडवाल्याला आधी चहा पाजावा.

पूर्वसूरींचे दाखले देण्याची प्रथा आहे, म्हणून देतो. जॉय डिव्हिजन व न्यू ऑर्डर या इंग्लिश बँडांतील पीटर हुकने इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचे क्लोन थिअरी हे पेडल पायाखाली ठेवून नाव मिळवले. पण हा गृहस्थ गिटारच्या गदारोळात आपल्याला ऐकू यावे म्हणून वरच्या तारांवर, गळ्याच्या वरच्या अंगाला वाजवीत असे, म्हणजे झील जेथे शोभते तेथेच त्याने ती धरली. जॅको पास्टोरियसने तर १९७६ च्या आपल्या संग्रहातील 'कंटिन्यूअम'मध्ये पेडलचा खर्चच टाळला आणि तोच भाग दुसऱ्यांदा वाजवून पहिल्यावर चढवला. हा उपाय सर्वांत स्वस्त असला तरी त्यासाठी दोन्ही वेळा सुरात वाजवावे लागते, म्हणून सामान्य इच्छुकास त्याची शिफारस करवत नाही.

कोरस सुरू करण्यास योग्य प्रसंग थोडे आहेत: संथ गाण्याच्या आरंभी बेस एकटाच असतो तेव्हा, किंवा फ्रेटविरहित बेसवर एखादा स्वर लांबवायचा असतो तेव्हा. गिटारवादकाने त्याचे कोरस आधीच लावले असेल तर त्याच्याशी बोलून दोघांपैकी एकाने माघार घ्यावी. माघार कोणी घ्यावी याविषयी चर्चा करण्यात वेळ दवडू नये, ती बेसवादकानेच घ्यायची असते.

यथावकाश पेडल विकण्याची वेळ येईल, त्या दृष्टीने मूळ खोका, पावती व रबराचे पाय सुरुवातीपासून जपून ठेवावेत. जाहिरातीत 'फारसे वापरलेले नाही' असे लिहावे. ते खरेच असेल. घेणारा बेसवादक निघाला तर त्याला एक्स-ओव्हरचा खटका कोठे आहे तेवढे दाखवावे, आणि तो वरच्या फ्रेटवर वाजवून पाहू लागला तर पैसे मोजून घेईपर्यंत त्याला अडवू नये.