चार टक्के आणि एक बंद पाकीट

1923 साली मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांसह सर्वांना खुले. महाड नगरपालिकेनेही री ओढली. तिथलं चवदार तळं कागदावर खुलं झालं. पाणी प्यायला मात्र डॉ. आंबेडकरांच्या सत्याग्रहाचा 20 मार्च 1927 उजाडावा लागला. त्याच 1923 मध्ये डॉ. आंबेडकरांचं रुपयाच्या प्रश्नावरचं पुस्तक लंडनला निघालं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की रुपयात बाजारात काय नि किती येतं ते स्थिर ठेवा आणि चलन काढणाऱ्याच्या मर्जीला मर्यादा घाला.

मर्यादा आता आहे. 2016 पासून कायद्याखाली सरकारने ठरवलेलं महागाईचं लक्ष्य चार टक्के. दोन टक्के इकडेतिकडे चालेल. सलग तीन तिमाही चुकलं तर रिझर्व्ह बँकेने सरकारला कारणं लिहून द्यायची. 2022 मध्ये चुकलं. पत्र गेलं. आत काय? ते जाहीर करायची कायद्यात तरतूद नाही, असं संसदेला सांगण्यात आलं. तळं खुलं आहे हो, पाण्याचं विचारू नका!

दरम्यान रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, चार टक्क्यांवरून साडेसहावर गेला. कर्ज महाग करा, माणूस हात आखडतो, भाव नरमतात. महाडच्या बाजारातला टोमॅटो मात्र पाऊस बघून पिकतो, रेपो बघून नाही. रेपोचं ऐकतो तो पोलादपूरहून मुंबईला गेलेला चाकरमानी. त्याच्या घरकर्जाचा हप्ता वाढतो. बँकेला दया आलीच, तर हप्ता तोच ठेवून वर्षं वाढवून मिळतात, निवृत्तीनंतरचीसुद्धा.