पितृपंधरवड्यातला पाहुणा

गणपती गेले की अलिबाग, वरसोली, नागाव, किहीम या पट्ट्यातल्या खोल्या ओस पडतात. सणाला गावी आलेली माणसं मुंबईला परतलेली असतात, नवरात्राला अजून अवकाश असतो आणि मधले पंधरा दिवस खरेदीला, बैठकीला, हौसेमौजेला वर्ज्य. नेमक्या याच दिवसांत मांडव्याच्या जेट्टीवर एक गृहस्थ उतरतात. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, मुक्काम ठाणे किंवा डोंबिवली, नोकरी बँकेतली आणि आता संपलेली. चार पावलं मागे छत्री, पाण्याची बाटली आणि चिवड्याचा डबा सांभाळत त्यांच्या पत्नी.

या गृहस्थांची श्रद्धा मोठी हिशेबी. पितृपक्षात ते गाडी बुक करणार नाहीत, मुलीचं स्थळ बघायला जाणार नाहीत, नवा टॉवेलसुद्धा घेणार नाहीत. खोली मात्र घेतील. भाडं म्हणजे खरेदी नव्हे, हा निवाडा त्यांनी स्वतःच दिलेला आहे. दिवाळीत ज्या खोलीचा भाव विचारायची छाती होत नाही, ती या दिवसांत त्यांच्या आवाक्यात येते. आणि आली तरी घासाघीस केल्याशिवाय त्यांना गोड लागत नाही.

“ताई, सध्या तुमच्याकडे कुणीच नसेल ना?”

“नाही हो काका. पितृपक्षात कोण येतंय?”

“आम्ही काही मानत नाही हं तसलं. मी आलो म्हणजे तुम्हाला सोबतच होईल की! त्याचं काही कमी करणार का?”

येतानाही ते साध्या लाँचनेच येतात. गेटवे ते मांडवा ही वाहतूक पावसाळ्यात बंद असते आणि सप्टेंबरात समुद्राचा रागरंग बघून सुरू होते. भाऊच्या धक्क्यावरून 2020 पासून गाड्यांसकट नेणारी रो-रो बोट आहे, पण हे तिच्या वाटेला जात नाहीत. लाँचच्या तिकिटात अलिबागपर्यंतची बस येते. फुकट बसचा आनंद त्यांना समुद्रदर्शनाच्या आनंदाहून कणभर जास्तच होतो.

समुद्र तसा या दिवसांत फारसा दाखवण्यासारखा नसतोच. चार महिन्यांच्या पावसाने खाड्यांमधून लोटलेला गाळ अजून पुरता बसलेला नसतो, पाणी पातेल्यात उकळत ठेवलेल्या चहासारखं दिसतं, आणि किनाऱ्यावर ओंडके, जाळ्यांचे तुकडे, चपला. किनारा मात्र रिकामा. “बघा, माणूस नाही!” असं हे गृहस्थ पत्नीला मोठ्याने सांगतात. पत्नी हे वाक्य बोटीतून ऐकत आलेली असते. गर्दी नको म्हणून आलेल्या या माणसाची खरी पंचाईत इथेच होते. आपण केवढ्यात आलो हे सांगायला पुळणीवर चिटपाखरू नसतं.

मग जो सापडेल तो. रिक्षावाला, शहाळेवाला, बंद दुकानाच्या पायरीवर बसलेले आजोबा. सगळ्यांना एकच प्रश्न: अलिबागला चुंबकीय वेधशाळा का आली, ठाऊक आहे? थांबायचं नाही, उत्तरही तेच देतात. मुंबईत कुलाब्याला 1841 पासून वेध घेतले जात होते. पुढे विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, त्या विजेने उपकरणं बिघडतील म्हणून 1904 मध्ये वेधशाळा इथे हलवली. 1964 मध्ये मुंबईची ट्राम गेली, वेधशाळा आपली इथेच! माहिती अगदी खरी आहे. या जिल्ह्याचं नावही 1981 पर्यंत कुलाबाच होतं, त्यामुळे वेधशाळा कुलाब्यातून निघून कुलाब्यातच आली, ही त्यावरची त्यांची कोटी. आजोबा ती ऐकून घेतात. त्यांना जन्मभर वेधशाळा समोर दिसलेली असते.

कुलाबा किल्ल्यासाठी गृहस्थ पंचांग घेऊनच आलेले असतात. ओहोटीला तिथे चालत जाता येतं. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते, हे सूत्र त्यांना पाठ. अष्टमी, म्हणजे आठाची पाऊणपट सहा; सहाला भरती, बाराला ओहोटी. बरोबर बाराच्या उन्हात पँट दुमडून ते उभे राहतात आणि समोर पाणीच. घोडागाडीवाला शांतपणे सांगतो, “काका, वेळ बरोबर आहे. पण आज भांग आहे, उधाण नाय. पाणी एवढं मागं जात नाय.” अमावास्या-पौर्णिमेला समुद्र जितका चढतो तितकाच खाली उतरतो, अष्टमीच्या सुमारास दोन्हीकडे हात आखडता. सूत्रात हे नव्हतं. घोडागाडी करावी लागते, आणि दुसरं गिऱ्हाईक नसल्यामुळे गाडीवाला भावात एक रुपया सोडत नाही.

दुसऱ्या दिवशी अविधवा नवमी. ताईंच्या आजेसासूबाईंचं श्राद्ध. “काका-काकू, दुपारी आमच्याकडेच जेवा,” असं आमंत्रण आल्यामुळे, आणि ठरलेल्या भाड्यात नाश्ता नसल्यामुळे, गृहस्थ सकाळी नुसत्या चहावर राहिलेले. साडेबाराला विहिरीच्या कठड्यावर पान ठेवलं जातं: भात, वडे, तांदळाची खीर, अळूची भाजी, या दिवसांत महागलेली गवार, आमसुलाची चटणी. कावळा शिवला की पानं घ्यायची. पण या पंधरवड्यात गावात खरा सीझन असतो तो कावळ्यांचा. चार घरी जेवून आलेला एक कावळा माडावरून पानाकडे बघतो आणि चोच पुसून बसून राहतो.

एक वाजतो. घरातली माणसं सवयीची, ती ओटीवर बसलेली. सव्वा वाजता हे गृहस्थच विहिरीपाशी जाऊन आधी दबक्या आवाजात, मग खुल्या गळ्याने “काव, काव” सुरू करतात. ज्या बाईंना कधी पाहिलं नाही त्यांना “या हो आजी, उशीर नका करू” अशी हात जोडून विनवणी होते. दीडला कावळा खाली येतो, वडा उचलतो. पुढच्या वाढपात गृहस्थ पाच वडे आणि दोन वाट्या खीर घेतात. काकू मान वर करत नाहीत.

घरी परतल्यावर पुढच्या मुक्कामाचा हिशेब लगेच सुरू होतो. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे पंधरवडा लांबला: सप्टेंबरच्या अखेरीला सुरू, सर्वपित्री थेट 10 ऑक्टोबरला. पाऊस ओसरलेला, भाव मात्र पितृपक्षाचा! ते ताबडतोब फोन लावतात. 2 ऑक्टोबर, शुक्रवार, जोडून शनिवार-रविवार.

“काका, गांधी जयंतीला जोडून सुट्टी आलीय. त्या तीन दिवसांना सीझनचा भाव लागेल.”

“अहो ताई, पण पितृपक्ष आहे!”

“असू दे की. तुम्ही कुठे मानता?”