लग्न लागलं, पण लागू झालं नाही

गडचिरोलीतल्या भामरागडकडे लग्न पावसाळ्यात करू नये, हे तिथल्या कुणाला पंचांगात बघावं लागत नाही. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा अशा तीन नद्या तिथं एकत्र येतात. पर्लकोटेला पूर चढला की तालुका जिल्ह्यापासून फारकत घेतो. ही फारकत दरवर्षी मिळते, वकील न लावता मिळते आणि पाणी उतरलं की आपोआप मिटते. म्हणून माडिया आदिवासी घरांतली लग्नं उन्हाळ्यात होतात. मोहफुलं वेचून झालेली असतात, तेंदूपत्त्याचे चार पैसे हातात आलेले असतात, शेतं मोकळी असतात.

आता कायदा बघा. ‘महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन आणि विवाह नोंदणी अधिनियम, १९९८’ असं त्याचं नाव आहे. ते एका दमात म्हणता येणाऱ्याला नोंदणी शुल्कात सवलत द्यायला हरकत नव्हती. या कायद्याप्रमाणे लग्नापासून ९० दिवसांच्या आत नवरा-नवरीनं निबंधकासमोर जातीनं हजर व्हायचं. मे महिन्यातल्या लग्नाचे ९० दिवस ऑगस्टमध्ये संपतात. म्हणजे मुदत सुरू होते तेव्हा साहेब उन्हाळी सुट्टीवर, मधल्या काळात धानाची रोवणी आणि मुदत संपते तेव्हा पुलावरून पाणी. हे ९० दिवस ज्यानं मोजले त्याच्या दारासमोरून नदी जात नसावी. मुदत उलटली तरी नोंदणी होते, फक्त शुल्क वाढतं. पूर नदीला येतो, भुर्दंड नवऱ्याला बसतो.

निबंधक म्हणजे कुणी फार मोठा माणूस नव्हे. खेड्यात ते काम ग्रामसेवकाकडे आहे. तो भला माणूस असतो, अशी माझी प्रामाणिक समजूत आहे. मात्र तो एका वेळी एकाच ठिकाणी असू शकतो. गट ग्रामपंचायतीत पाच-सात पाडे, शेजारच्या पंचायतीचा अतिरिक्त कार्यभार, तालुक्याला मीटिंग, जिल्ह्याला प्रशिक्षण. गाठायचाच तर आठवडी बाजाराच्या दिवशी, तेही त्याला भाजी घ्यायची असेल तर. शिवाय २०२४ साली सरकारनं त्याचं नावच बदललं. आता त्याला ‘ग्रामपंचायत अधिकारी’ म्हणायचं. लक्षात घ्या, राज्यभरातल्या हजारो माणसांचं पदनाम एका निर्णयात बदललं. कुणाला प्रतिज्ञापत्र करावं लागलं नाही, कुणी साक्षीदार आणले नाहीत, जुन्या आणि नव्या नावाची व्यक्ती एकच असल्याचा दाखला कुणी मागितला नाही. ही सोय फक्त पदांना आहे. एका नवरीचं नाव आधार कार्डावर बदलायचं म्हटलं की शासनाला अचानक शंका येऊ लागतात.

साहेब भेटले की नमुना ‘ड’ मिळतो. हा अर्ज मी मोठ्या आदरानं वाचला आहे. त्यावर शंभर रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं. ते जंगलात उगवत नाही, त्यामुळे तालुक्याला जाणं आलं. मग नवऱ्याची सही, नवरीची सही, तीन साक्षीदारांच्या सह्या आणि लग्न लावणाऱ्या पुरोहिताची सही. लग्न पेरम्यानं, म्हणजे गावच्या पुजाऱ्यानं, लावलेलं असतं. त्याला सगळे देव माहीत असतात, पण सही माहीत असेलच असं नाही. त्याचं पूर्ण नाव, वय, पत्ता लिहायचा. वय विचारलं की तो एखाद्या मोठ्या दुष्काळाचं नाव सांगतो. दुष्काळ या रकान्यात बसत नाही.

साक्षीदारांची तर मजाच आहे. लग्नाला आख्खं गाव जेवलेलं असतं. इतके साक्षीदार मुंबईतल्या पंचतारांकित लग्नालाही नसतात, कारण तिथं निम्मे लोक पाकीट देऊन थेट आइस्क्रीमपाशी जातात. तरीही शासनाला हवे असलेले तीन मिळणं अवघड. आधार कार्डावर, मतदार यादीत आणि शाळेच्या दाखल्यावर ज्याचं आडनाव एकाच पद्धतीनं लिहिलं आहे, असा माणूस म्हणजे लाखात एक. आत्रामचा अत्राम होतो, तलांडीचं तलांडे होतं. हे नोंदवून घेणारा माणूस बाहेरगावचा असतो आणि चूक दुरुस्त करायला मात्र गावच्या माणसानं जायचं असतं.

वयाचा पुरावा म्हणून शाळेचा दाखला. महाराष्ट्रातल्या खेड्यात लाखो माणसं १ जूनला जन्माला आलेली आहेत. ही कामगिरी सृष्टीची नसून मुख्याध्यापकांची आहे. पोर दारात उभं राहिलं, हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागला की गुरुजी तारीख ठोकून देत. त्या तारखेवर पुढं नोकरी, निवृत्ती, निवडणूक आणि लग्न अशा सगळ्या पात्रता उभ्या राहतात. नवरी १८ ची आणि नवरा २१ चा आहे की नाही हे आज त्या निवृत्त गुरुजींच्या जुन्या मूडवर ठरतं.

आणि लग्नपत्रिका! पत्रिका जोडा, नाही तर प्रतिज्ञापत्र करा. माडिया पाड्यावर आमंत्रण तोंडी जातं आणि तोंडी गेलं म्हणून कुणी येत नाही असं होत नाही. पण फायलीला तोंडी काही चालत नाही. त्यामुळे लग्न झाल्यावर पत्रिका छापून घेण्याचा एक सोपा मार्ग निघतो. प्रेसवाल्याकडे मजकूर तयारच असतो. वर गणपती, मध्ये नावं, खाली ‘आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे’. तारीख मागच्या वैशाखातली. आता मागच्या वैशाखात कुणी उपस्थित कसं राहावं, हा प्रश्न प्रेसवाल्याला पडत नाही. तळाला नेहमीची ओळ असते, ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!’

या ओळीत मी थोडा बदल सुचवीन. गडचिरोलीच्या दुर्गम भागात अशी जोडपी आहेत, जी गावाच्या संमतीनं एकत्र राहू लागली, पण गावजेवणाला पैसा जमला नाही म्हणून समारंभ राहून गेला. मधल्या काळात संसार झाला, लेकरं झाली. मग कधी तरी सामूहिक विवाहसोहळा होतो. मांडव, मान्यवर, अक्षता, संसारोपयोगी भांडी, फोटो. मान्यवर म्हणतात, आज तुमच्या सहजीवनाला सुरुवात होत आहे. पुढच्या रांगेत त्या सहजीवनाचे तीन पुरावे जिलबी खात बसलेले असतात. कागदावर लग्नाची तारीख पडते ती सोहळ्याची. पुढं पोराच्या जातीच्या दाखल्याची फाइल उघडली की एखादा चिकित्सक बाबू दोन तारखा शेजारी ठेवून चष्मा पुसतो. तेव्हा पत्रिकेवर छापायची ओळ अशी हवी होती, ‘आमच्या आई-बाबांच्या लग्नाला यायचं हं!’

बाकी, जंगलात नियम नाहीत असं कुणाला वाटत असेल तर त्यानं सोयरीक जुळवून बघावी. गोंड-माडियांत चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे असे गट असतात. एकाच देवसंख्येच्या दोन घरांत लग्न होत नाही. मुलगा-मुलगी कितीही एकमेकांवर भाळलेले असोत, म्हातारी माणसं आधी देव मोजतात. ही छाननी पिढ्यान् पिढ्या तोंडपाठ चालू आहे आणि आजवर एकदाही तिचा सर्व्हर डाउन झालेला नाही. नमुना ‘ड’ मध्ये देवांना रकाना नाही.

आता वरच्या न्यायालयांकडे जाऊ, कारण खालच्या पातळीवर साहेब मीटिंगला गेलेत. सीमा विरुद्ध अश्वनी कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या लग्नांची नोंदणी सक्तीची करा असं राज्यांना सांगितलं. निकालाची तारीख १४ फेब्रुवारी २००६. प्रेमिकांच्या दिवशी याहून व्यवहारी भेट आजवर कुणी दिलेली नाही. त्याच निकालात असंही म्हटलं आहे की नोंदणी म्हणजे लग्न वैध असल्याचा स्वयंसिद्ध पुरावा नव्हे, तरी पुरावा म्हणून तिला मोठं मोल आहे. पुढं २०२४ साली दुसरं प्रकरण आलं. नवरा-नवरी दोघंही वैमानिक. त्यांनी विधी व्हायच्या आधीच प्रमाणपत्र मिळवलं होतं. न्यायालय म्हणालं, हिंदू विवाह कायद्याखाली विधीच झाले नसतील तर नुसत्या कागदानं लग्न होत नाही.

म्हणजे विमानातल्या माणसांकडे कागद होता, लग्न नव्हतं. पाड्यावरच्या माणसांकडे लग्न आहे, कागद नाही. त्यातही १९५५ चा हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना, केंद्र सरकारनं राजपत्रात वेगळं सांगितल्याखेरीज, लागूच नाही. त्यांचं लग्न त्यांच्या रूढीनं होतं आणि ते कायद्याला मान्य आहे. दिल्लीला मान्य आहे, पेरम्याला मान्य आहे, सात देवांना मान्य आहे. अडतं ते पंचायतीच्या कुलूप लावलेल्या खोलीपाशी.

शेजारच्या गोव्यानं हा घोळ पोर्तुगीजांच्या काळातच उलटा करून ठेवला. तिथं आधी नागरी निबंधकाकडे जाऊन इरादा नोंदवायचा, मुदत गेल्यावर पुन्हा जाऊन सही करायची. सही झाली की कायद्यापुरतं लग्न झालं, सनई सवडीनं वाजवा. पद्धत चांगली आहे. मात्र ती भामरागडला आणली तर दोन सह्यांच्या मध्ये पर्लकोटा येईल.

इतकं करून या कागदाची गरज कुणाला, असं तुम्ही विचाराल. जंगलात कुणी कुणाला लग्नाचं प्रमाणपत्र दाखवा म्हणत नाही, हे खरं. पण सरकार प्रेमानं काही द्यायला निघालं की पहिला प्रश्न तोच येतो. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली, महिन्याला १,५०० रुपये. नवविवाहितेचं नाव अजून रेशन कार्डावर चढलं नसेल तर नवऱ्याचं रेशन कार्ड चालेल, सोबत विवाह प्रमाणपत्र हवं, अशी सवलत दिली गेली. सवलत या शब्दाचा इतका कडक वापर क्वचितच झाला असेल. ज्या बाईकडे रेशन कार्डावर नाव चढवण्याइतकी फुरसत आणि बसभाडं नाही, तिच्याकडे नमुना ‘ड’, कोर्ट फी तिकीट आणि पेरम्याची सही असेल असं गृहीत धरलेलं.

पुढच्या वर्षी ई-केवायसी आलं. बहिणीचं आधार, शिवाय नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार. नवरा तेलंगणात मिरची तोडायला गेलेला. ओटीपी त्याच्या फोनवर जाणार आणि फोन मुकादमाच्या खोलीत चार्जिंगला. सेवा केंद्रातला पोरगा संगणकासमोर बसलेला, बाहेर बायांची रांग. त्याला काम उरकायचं आहे, तिला शेवटची बस पकडायची आहे.

“लग्न झालं का वो बाई?”

“झालं नं जी.”

“कागद?”

ती गप्प.

“मंग नवरा राहू द्या,” पोरगा माऊस सरकवत म्हणतो, “बाप चालंल का?”