सेक्रेटरींचे संस्कार आणि पोरांची मजुरी

"अगं, ऐकलंस का?"

मेंदीच्या कुंपणावरून माईंची ही हाक आली की मी आधी गॅस बंद करते. माईंचं 'ऐकलंस का' चहा उतू जाण्याच्या आत कधी आटोपलेलं नाही.

"आमच्या अपार्टमेंटमध्ये कॉलेजची पोरं लावलीत सुट्टीत. गच्ची झाडायची, पन्हाळी मोकळ्या करायच्या, कंपाउंडला चुना मारायचा, बागेतलं काँग्रेस गवत उपटायचं."

"बरंच झालं की, माई. वळीव आला म्हणजे आधी गच्चीची जाळी तुंबते, मग वरच्या मजल्यावर ओल, मग खाली भांडणं."

"कामाला कोण नावं ठेवतंय? मजुरी विचार की! दिवसभर उन्हात राबायचं आणि संध्याकाळी वडापाव न् दोनशे रुपये. शेतात भांगलणीला गेली बाई तरी यापेक्षा जास्त घेऊन येते. आणि वर सेक्रेटरी काय म्हणतात माहितीये? 'कर्मवीरांच्या साताऱ्यात राहतो आपण, पोरांवर श्रमाचे संस्कार नकोत का?'"

झालं. माईंच्या वर्मावर बोट. त्यांचं माहेर वाळवा तालुक्यातलं, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ऐतवड्याच्या शिवारापासून जवळ. वडील शिकले ते इथं साताऱ्यात, छत्रपती शिवाजी कॉलेजात, 'कमवा आणि शिका'तून. त्या काळात, म्हणजे 1954 नंतरची तीनेक वर्षं, ढवळीचे एन. डी. पाटील तिथं शिकवायचे आणि या योजनेचं कामही बघायचे. ते सगळं माईंना तोंडपाठ.

"संस्कार म्हणे! 1919 ला कऱ्हाडजवळ काल्यात शिक्षण संस्था काढली भाऊरावअण्णांनी. 1924 ला साताऱ्यात आणली. तिथल्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसायची, तेही त्या काळात! गांधीजी 1927 ला येऊन बोर्डिंगला शाहू महाराजांचं नाव देऊन गेले. पोरं पाणी भरायची, भाकऱ्या थापायची, शेतात राबायची, बांधकामावर दगड वाहायची. सगळं खरं. पण त्या कामाच्या बदल्यात राहणं, जेवण आणि शिक्षण मिळत होतं गं. आणि धान्य संपलं तेव्हा अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, गळ्यातलं मंगळसूत्रसुद्धा ठेवलं नाही. आमचे सेक्रेटरी काय मोडतायत? सोसायटीची एफडी तरी मोडतायत का?"

मी हसले, पण माई हसण्याच्या मूडमध्ये नव्हत्या.

"तू बघितलीस का ती पोरं? एक माणचा आहे, एक जतचा. परवा तो माणचा आंब्याला आळं करत होता. आपला माळी खोडाला चिकटून खळगा करतो आणि पाइप सोडून विडी ओढत बसतो. या पोरानं खोडाभोवती मातीचा उंचवटा ठेवला, पाण्याची चारी बाहेर काढली, पार फांद्यांच्या सावलीच्या कडेला. वर पाचोळा पसरला. म्हटलं, इतक्या लांब का रे? तर म्हणतो, 'आजी, पाणी पिणारी मुळं तिकडं असतात. आमच्याकडं एक घागर वाया गेली तरी आई बोलते.' याला सेक्रेटरी श्रम शिकवणार!"

चुन्याचंही तेच. मी स्वतः पाहिलं. आदल्या दिवशी पिंपात चुन्याचे खडे टाकले, ते रटरटून उकळले, तसे सगळे लांब उभे. सकाळी गोणपाटातून गाळून घेतला, थोडा डिंक, चिमूटभर नीळ. वाऱ्याकडे पाठ करून कुंचा फिरवत होते, डोळ्यांत उडू नये म्हणून. तोंडाला स्वतःचेच रुमाल. चष्मा, हातमोजे द्यायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"आणि खरी गोष्ट तर पुढंच आहे," माई कुंपणावर आणखी वाकल्या. "काल सेक्रेटरी म्हणाले, जाता जाता मैल्याची टाकी पण बघून घ्या."

"काय?"

"मी गॅलरीतनं ओरडले! म्हटलं, पोरगं टाकीत उतरलं तर पोलिसांना फोन करीन."

आमचे हे नगरपालिकेत, त्यामुळे कायद्याचं थोडं आमच्या कानावर असतं. मी सांगितलं, "2013 चा कायदाच आहे माई. माणूस नुसता उतरवायचा नाही, साधनं दिल्याशिवाय तर मुळीच नाही. तिथं गाडीच बोलवायची. आणि ते गुलमोहर तोडायचं म्हणत होते ना, त्यालाही परवानगी लागते. 1975 पासून."

"हे लिहून दे मला कागदावर. रविवारी मीटिंगला नेते."

माईंची मीटिंग म्हणजे काय ते आमच्या शाहूपुरीत सगळ्यांना ठाऊक आहे. तरी मी जरा सेक्रेटरींची बाजू घेऊन बघितली. म्हटलं, फुकट कामं करतातच की पोरं. कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावानं 2016 चा पहिला वॉटर कप, पाणी अडवायच्या कामाचा, जिंकला, तो असल्याच उन्हात चर खणून.

"ते स्वतःच्या गावासाठी!" माई उसळल्या. "2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत माझ्या भावाच्या पार्किंगमध्ये चिखल साठला होता. आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलेलं. ओळख ना पाळख, कॉलेजची पोरं फावडी घेऊन आली, घरं धुऊन गेली. चहासुद्धा नको म्हणाली. पुरात श्रमदान होतं, बाई. यांची बाग छाटायला पूर आलाय का?"

यावर मला काही सुचलं नाही. सुचलं असतं तरी बोलले नसते.

रविवारी काय झालं ते सोमवारी कुंपणावरूनच कळलं. पोरांना गवंड्याच्या हाताखालच्या बिगाऱ्याइतका रोज ठरला, दुपारी बारा ते चार काम बंद, हातमोजे सोसायटीचे. टाकीचा विषय इतिवृत्तातूनच गायब झाला. सेक्रेटरी माईंना बघून सध्या मागच्या गेटनं जातात.

तेव्हा मंडळी, तुमच्याही सोसायटीत सुट्टीची पोरं लावणार असाल तर जरूर लावा. रोज आधी बोला, शनिवारी हातावर ठेवा आणि कर्मवीरांना मध्ये आणू नका. माईंना एसटीचं अर्धं तिकीट आहे, त्या सातारा-सांगली कुठंही येऊ शकतात.