तब्येत ठणठणीत, रजा नामंजूर

आजारपणाची रजा मागताना माणूस खरोखर आजारी असला तरी थोडा अभिनय करतोच. साहेबांना फोन लावण्याआधी तो घसा साफ करत नाही, उलट जरा बसवूनच घेतो. ताप नुसता असून भागत नाही, तो ऐकूही यावा लागतो. व्हॉट्सॲप आल्यापासून या कलेला उतरती कळा लागली. आता थर्मामीटरचा फोटो पाठवला की झालं.

सगळ्याच आजारांना ऑफिसात सारखा मान नसतो. व्हायरलला असतो, कारण तो शेजारच्या खुर्चीवर उडी मारू शकतो. पाठदुखीकडे संशयाने पाहतात. आणि ‘आज मन थाऱ्यावर नाही’ असं कळवायची तर कुणाची छातीच होत नाही. त्यासाठी जेवणाच्या सुट्टीत ताणमुक्तीचा वेबिनार ठेवलेला असतो. हजेरी सक्तीची असल्याने त्याचा थोडा ताण येतो, पण तो पुढच्या वेबिनारात घालवता येतो.

शिवाय ॲप असतं. रोज दहा हजार पावलं चाला म्हणतं. हा आकडा कुण्या डॉक्टरने लिहून दिलेला नाही. १९६५ साली जपानात विकायला आलेल्या पाऊलमापक यंत्राने तो रूढ केला. तरी स्पर्धा चुरशीची होते. फोन मुलाच्या खिशात घालून त्याला मैदानावर पिटाळणारे वडीलही त्यात असतात.

अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने आपल्या जवळपास ५,००० कर्मचाऱ्यांवर अशा आरोग्य-कार्यक्रमाचा रीतसर प्रयोग केला. निष्कर्ष २०१९ मध्ये छापून आले. आजारपणाच्या रजा घटल्या नाहीत, औषधपाण्याचा खर्चही नाही. कार्यक्रमात हौसेने आलेले बरेचसे आधीच धडधाकट होते. वाढल्या त्या मुख्यतः दोनच गोष्टी: तपासणी करून घेणाऱ्यांचं प्रमाण, आणि वरिष्ठांना आपल्या तब्येतीची काळजी आहे हा समज.

आपल्याकडे महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने वर्षाला आठ नैमित्तिक रजा दिल्या आहेत. त्या तिमाहीच्या हिशेबाने जमा होतात आणि वर्षअखेरीस बुडतात. डेंग्यूला हे वेळापत्रक कुणी कळवलेलं नसतं.

आजाऱ्याला खरं तर फार थोडं हवं असतं. ‘आराम करा. लॅपटॉप उघडू नका,’ एवढं साहेबांचं उत्तर आलं की गोळीचा गुणही लवकर येतो. संध्याकाळी ॲप तेवढं कुरकुरतं: आज फारच कमी चाललात, उठा! ते मनावर घेऊ नये. रजा नामंजूर करण्याचे अधिकार अजून त्याला मिळालेले नाहीत.